मामेभावाची जुनी पुस्तके आणि आजची जीआरई

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी बडोद्याच्या कलाभवनात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एम. एस.साठी अर्ज करायचा म्हणून तिला जीआरई (ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची आहे आणि हातात चार महिने आहेत. तिच्या मामेभावाने २००९ साली ही परीक्षा दिली होती. त्याची पुस्तके आणि साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची वही आता तिच्याकडे आली आहे. मामेभाऊ सांगतो की एकदा उत्तर दिले की मागे जाता येत नाही, आणि पहिले पाच प्रश्न चुकले तर पुढे काही उपयोग नाही. क्लासमधले लोक मात्र वेगळेच सांगतात. तेव्हा या परीक्षेचे आजचे स्वरूप नेमके काय आहे, आणि ते पाहून तयारीत काय बदल करावा, असे तिने विचारले आहे.

तुमचा मामेभाऊ चुकीचे सांगत नाही. तो त्याने दिलेल्या परीक्षेबद्दल सांगतो आहे, आणि ती परीक्षा आता घेतली जात नाही, एवढीच अडचण आहे. गेली बावीस वर्षे मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी जीआरईसाठी मुलांना शिकवते, आणि या काळात ही परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदलली : पहिल्यांदा ऑगस्ट २०११ मध्ये, दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याच्या वेळी संगणक प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे ठरवत असे, म्हणूनच मागे जाण्याची सोय नव्हती आणि सुरुवातीच्या प्रश्नांची एवढी धास्ती असे. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध हे दोन प्रश्नप्रकार होते, कॅल्क्युलेटर नव्हता, निबंध दोन होते आणि गुण २०० ते ८०० या पट्टीवर मिळत. यातले आज काहीही शिल्लक नाही.

आजची परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे आणि मध्ये सुट्टी नाही. सुरुवातीला निबंध येतो, तो एकच, ३० मिनिटांचा. त्यानंतर भाषेचे दोन आणि गणिताचे दोन असे चार सेक्शन कोणत्याही क्रमाने येतात. भाषेच्या पहिल्या सेक्शनमध्ये १२ प्रश्न आणि १८ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटे. गणिताच्या पहिल्यात १२ प्रश्न आणि २१ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटे. म्हणजे भाषेच्या एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट आणि गणिताच्या एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटे. २०२३ पूर्वी हीच परीक्षा पावणेचार तास चाले आणि तिच्यात एक सेक्शन असा असे की ज्याचे गुण धरले जात नसत; आता तसा सेक्शन नाही, त्यामुळे समोर येणारा प्रत्येक प्रश्न मोजला जाणारा आहे. भाषा आणि गणित यांचे गुण स्वतंत्रपणे १३० ते १७० या पट्टीवर एकेका गुणाच्या फरकाने मिळतात, आणि निबंधाचे ० ते ६ या पट्टीवर अर्ध्या गुणाच्या फरकाने.

हे आकडे तुम्हाला कुठेही मिळाले असते. माझे सांगणे वेगळे आहे. आपल्याकडच्या हुशार मुलांना जीआरईत जो फटका बसतो, तो अभ्यास कमी पडल्यामुळे क्वचितच बसतो. बोर्डाच्या परीक्षेने, विद्यापीठाच्या पेपराने आणि गेटसारख्या (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या) परीक्षांनी बारा-पंधरा वर्षांत अंगात मुरवलेल्या सवयी या परीक्षेच्या बांधणीत बसत नाहीत, म्हणून तो बसतो. त्यामुळे स्वरूप समजून घेणे म्हणजे वेळापत्रक पाठ करणे नव्हे, तर आपली कोणती सवय इथे नडणार आहे हे ओळखणे होय.

पहिली सवय प्रश्न सोडून देण्याची. गेटमध्ये एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक तृतीयांश गुण कापला जातो, त्यामुळे खात्री नसेल तर कोरा सोडावा हे शहाणपण मुलांच्या हाडीमासी खिळलेले असते. जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोरा प्रश्न आणि चुकलेला प्रश्न यांची किंमत सारखीच, म्हणजे शून्य; मग एकही प्रश्न कोरा ठेवण्याला अर्थ राहत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, मुले माना डोलावतात, आणि तरीही सराव चाचणीत चार-चार प्रश्न कोरे ठेवून येतात. विचारले की म्हणतात, ‘मॅडम, खात्री नव्हती.’ म्हणून आता माझ्याकडे सराव चाचणीत एक जरी प्रश्न कोरा राहिला तरी ती चाचणी तपासायची नाही असा नियम आहे. दोन आठवड्यांत सवय मोडते.

दुसरी सवय पेपर क्रमाने सोडवण्याची आणि अडलेल्या प्रश्नाशी हट्टाने झुंजण्याची. विद्यापीठाच्या पेपरात एक दहा गुणांचा प्रश्न असतो, त्याच्या पायऱ्यांना गुण असतात, उत्तर आले नाही तरी पाच-सहा गुण पदरात पडतात; तिथे झुंजण्याला मोल आहे. जीआरईत एका सेक्शनमधल्या प्रत्येक प्रश्नाचे वजन सारखे असते आणि पायऱ्या कोणी पाहत नाही. तीस सेकंदांत सुटलेला टक्केवारीचा प्रश्न आणि चार मिनिटे खाऊन सुटलेला शक्यतेचा प्रश्न यांचे मोल एकच. आणि इथेच मामेभावाच्या सांगण्यातला मोठा बदल आहे : आता एका सेक्शनच्या आत तुम्ही हवे तसे पुढेमागे जाऊ शकता, उत्तर बदलू शकता, प्रश्नावर खूण करून ठेवू शकता, आणि एक तक्ता उघडून कोणते प्रश्न सोडवले, कोणते राहिले, कोणत्यांवर खूण आहे हे एका नजरेत पाहू शकता. सेक्शन संपला की मात्र त्याचे दार बंद होते.

ही सोय वापरायची कशी, हे गणिताच्या २१ मिनिटांच्या सेक्शनवरून सांगते. पहिल्या फेरीत प्रश्न वाचायचा, वीस-पंचवीस सेकंदांत वाट दिसली तर सोडवायचा. वाट दिसली नाही तर मनाला येईल तो पर्याय निवडून, खूण करून पुढे जायचे. पर्याय निवडूनच पुढे जायचे, कारण परत यायला वेळ मिळाला नाही तरी ते खाते रिकामे राहू नये. चौदाव्या मिनिटाच्या आसपास बारावा प्रश्न पाहून झालेला असावा. उरलेल्या सात मिनिटांत खूण केलेल्या तीन-चार प्रश्नांकडे परतायचे, आणि त्यांतला जो सर्वांत सोपा वाटतो तो आधी घ्यायचा. पुष्कळ वेळा दुसऱ्यांदा वाचताना प्रश्न आपोआप उलगडतो. डोके मागच्या मागे काम करत असते असे मला वाटते, पण कारण काहीही असो, अनुभव तसाच आहे.

आता संगणक प्रश्न ठरवतो त्याविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. परीक्षा अजूनही उमेदवाराप्रमाणे बदलते, पण प्रश्नागणिक नव्हे, सेक्शनागणिक. भाषेचा पहिला सेक्शन सर्वांना साधारण मध्यम काठिण्याचा येतो. तुम्ही त्यात एकंदर कसे केले यावर भाषेचा दुसरा सेक्शन सोपा, मध्यम की अवघड हे ठरते. गणिताचे तसेच, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. गुण देताना किती प्रश्न बरोबर आले याबरोबरच दुसरा सेक्शन किती अवघड होता हेही धरले जाते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिला सेक्शन हा दुसऱ्याचा उंबरठा आहे, त्यामुळे तिथे निष्काळजीपणाच्या चुका महागात पडतात. परंतु ‘पहिले पाच प्रश्न’ असा काही जादूचा आकडा उरलेला नाही, कारण बाराही प्रश्न एकत्र मोजले जातात, आणि पहिल्या प्रश्नावर पाच मिनिटे घालवून शेवटचे तीन अंदाजाने ठोकणे हा तोट्याचा व्यवहार आहे. दुसरी गोष्ट मनाची आहे. माझा एक विद्यार्थी, गणितात अतिशय तयार, केंद्रावरून बाहेर आला तो चेहरा पाडून. दुसरा सेक्शन फार अवघड गेला, मधल्या प्रश्नांवर हातपाय गळाले, असे सांगू लागला. त्याला मी आधी सांगितले होते की दुसरा सेक्शन अवघड लागणे ही पहिला चांगला गेल्याची खूण आहे, पण त्या खोलीत बसल्यावर ते आठवले नाही. गुण चांगले आले. हातपाय गळाले नसते तर आणखी दोन-तीन वाढले असते, असे त्याचे त्यालाच वाटते. याच्या उलट, दुसरा सेक्शन सोपा वाटला तर ‘मी घसरलो’ असे अनुमान परीक्षेच्या मध्यावर बांधू नये. तयारी चांगली असली की अवघडही सोपे वाटते, आणि आत बसून हे ठरवण्याची गरजही नसते.

गणिताचा आवाका पाहिलात तर तुम्हाला थोडे हसू येईल. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन, एवढेच. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. मास ट्रान्स्फरचे समीकरण सोडवणाऱ्या मुलीला शेकडेवारी विचारण्यामागे एक जुने कारण आहे. १९३७ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांत कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने ही परीक्षा प्रथम घेतली गेली, तेव्हा वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेल्या, वेगवेगळे विषय शिकलेल्या मुलांना एका मापाने मोजण्याचे साधन हवे होते; ते माप कोणत्याही एका विषयाचे असून चालणार नव्हते. (सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या दरबारातर्फे कोलंबियाला गेले, तेव्हा ही परीक्षा जन्मालाही आली नव्हती, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.) विषयाची स्वतंत्र जीआरई वेगळी असते आणि ती आता गणित, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र या तीनच विषयांत घेतली जाते, केमिकलवाल्यांना तिच्याशी कर्तव्य नाही.

पण गणित शाळेचे असले तरी प्रश्न शाळेसारखे नसतात. त्यातला क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन हा प्रकार आपल्या मुलांना सर्वांत अनोळखी. दोन राशी दिलेल्या असतात, आणि पर्याय नेहमी तेच चार : अ मोठी, ब मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. एक उदाहरण घ्या. एका आयताची परिमिती २० आहे. अ म्हणजे त्याचे क्षेत्रफळ, ब म्हणजे २५. मुले लगेच बाजू धरतात : ६ आणि ४, क्षेत्रफळ २४, ७ आणि ३, क्षेत्रफळ २१, ८ आणि २, क्षेत्रफळ १६. प्रत्येक वेळी २५ पेक्षा कमी, म्हणून ‘ब मोठी’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. पण चौरस हाही आयतच आहे. ५ आणि ५ घेतले की क्षेत्रफळ बरोबर २५ होते, आणि उत्तर ‘ठरवता येत नाही’ असे बदलते. तुम्हाला सूत्र येत नव्हते असे नाही. प्रश्न तुमच्या गृहीतकावर नेम धरून बसला होता. या प्रकारात चल राशी दिसली की २ आणि ३ घालून थांबू नका. शून्य, एक, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून पाहा. उलट, दोन्ही बाजूंना नुसत्या संख्या असतील तर चौथा पर्याय शक्यच नाही, कारण दोन ठरलेल्या संख्यांची तुलना नेहमी करता येते. आणि मांडणी करण्यापूर्वी क्षणभर थांबा : ४३ चे १७ टक्के आणि १७ चे ४३ टक्के यांची तुलना करायला कागद लागत नाही, दोन्ही एकच आहेत.

आकृत्यांच्या बाबतीतही एक नियम आधीच माहीत असावा. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असे नाही, म्हणून काटकोनासारखा दिसणारा कोन काटकोन धरू नये. मात्र आलेख, तक्ते आणि निर्देशक अक्ष प्रमाणात असतात आणि त्यांवरून डोळ्याने अंदाज घेता येतो. काही प्रश्नांत पर्यायच नसतात, चौकटीत उत्तर स्वतः भरायचे असते. तिथे अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायची गरज नाही, ६/८ लिहिले तरी ३/४ इतकेच बरोबर धरतात. ज्या प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तिथे मात्र सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. तीनपैकी दोन ओळखल्याबद्दल काही मिळत नाही. गणितात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ एवढ्यापुरता. माउसने एकेक आकडा दाबत बसण्यापेक्षा तोंडी हिशेब लवकर होतो, हे मुलांच्या तिसऱ्या चाचणीत लक्षात येते. ज्यांच्या आजीने पावकी-निमकी पाठ करून घेतली होती त्यांच्या पहिल्याच चाचणीत लक्षात येते.

भाषेच्या विभागात साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. बहुतेक उतारे एका परिच्छेदाचे, एखादा लांब, आणि विषय कुठलाही : पक्ष्यांचे स्थलांतर, एखाद्या लेखिकेविषयीची टीका, अर्थशास्त्रातला वाद. उताऱ्याबाहेरचे ज्ञान इथे कामाला येत नाही, कधी कधी आडवेच येते. काही प्रश्नांत पर्यायाऐवजी उताऱ्यातल्या एका वाक्यावर क्लिक करून उत्तर द्यायचे असते. राहिलेले निम्मे प्रश्न दोन प्रकारचे. टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये एक, दोन किंवा तीन रिकाम्या जागा असतात. एक जागा असेल तर पाच पर्याय, दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक जागेला तीन पर्याय, आणि सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण. दुसरा प्रकार सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा : जागा एक, पर्याय सहा, त्यांतले दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच व्हावा.

हा दुसरा प्रकार शब्दांची वही पाठ करणाऱ्यांना हमखास चकवतो, आणि कसा चकवतो ते इंग्रजीपेक्षा मराठीत लवकर दिसते. हे वाक्य पाहा : ‘कारखान्याच्या अहवालात गळतीचा उल्लेख होता, पण तो इतका _____ होता की वाचणाऱ्याला काही घडले याचा पत्ताही लागू नये.’ पर्याय असे : ओझरता, सविस्तर, क्लिष्ट, निसटता, तपशीलवार, रोखठोक. वही पाठ असलेला विद्यार्थी आधी समानार्थी जोडी शोधतो, आणि त्याला ‘सविस्तर’ व ‘तपशीलवार’ ही चोख जोडी सापडते. ती या वाक्यात बसत नाही, पण जोडी जुळल्याच्या आनंदात तो ती निवडतो. जरा सावध विद्यार्थी ‘क्लिष्ट’ निवडतो, कारण उल्लेख क्लिष्ट असल्यामुळे पत्ता लागला नाही असा अर्थ लागतो खरा; पण त्याला जोडीदार नाही, म्हणून तो बाद. उत्तर ‘ओझरता’ आणि ‘निसटता’. आधी पर्याय झाकून वाक्य वाचायचे, ‘पण’ आणि ‘इतका की’ यांसारखे सांधे पकडायचे, जागेत आपल्या मनाने एखादा साधा शब्द घालायचा आणि मगच पर्याय उघडायचे, हा क्रम मी मोडू देत नाही. इंग्रजीतही याच सांध्यांवर सगळे वाक्य तोललेले असते.

म्हणून मामेभावाच्या त्या वहीचे काय करायचे, तर ती फेकू नका. साडेतीन हजारांतून रोज वीस शब्द घ्या, आणि प्रत्येकाचा अर्थ लिहिण्याऐवजी तो शब्द ज्या वाक्यात सहज येईल असे एक वाक्य लिहा. चार महिन्यांत सगळे होणार नाहीत. न झालेले राहू द्या. त्याच्या पुस्तकांतले उतारे आणि अंकगणित आजही उपयोगाचे आहे. विरुद्धार्थी आणि शब्दसंबंधांची प्रकरणे मात्र रद्दीवाल्याला द्यायला हरकत नाही.

निबंधाविषयी थोडक्यात. एखादे सर्वसाधारण विधान दिलेले असते आणि त्याखाली त्याचा विचार कसा करायचा याची सूचना असते : कधी तुम्ही कितपत सहमत आहात ते सांगा, कधी विरुद्ध बाजूच्या आक्षेपांना उत्तर द्या. मुले विधान वाचतात आणि सूचना वाचतच नाहीत. निबंध उत्तम लिहूनही गुण जातात ते इथेच. विषयांचा सगळा साठा परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर खुला ठेवला आहे, आणि परीक्षेत त्यातलाच विषय येतो. सगळे निबंध लिहीत बसू नका, पण रोज दोन विषय घेऊन पाच मिनिटांत मुद्दे आखण्याचा सराव करा. टंकलेखनाची जागा अगदी साधी असते, शुद्धलेखन दाखवणारी लाल रेघ तिथे येत नाही, म्हणून सरावही तसाच, रेघ बंद करून करावा. निबंध एक परीक्षक आणि एक संगणकीय प्रणाली असे दोघे तपासतात. दोघांत फार तफावत पडली तर दुसरा परीक्षक बघतो.

सराव चाचण्यांबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. ईटीएसच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण चाचण्या विनामूल्य मिळतात, आणि खऱ्या परीक्षेच्या स्क्रीनशी, खुणेच्या बटणाशी, कॅल्क्युलेटरशी आणि सेक्शनागणिक बदलण्याच्या पद्धतीशी ओळख व्हायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. पहिल्याच उत्साहात दोन्ही उडवू नका. एक तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस द्या, दुसरी परीक्षेच्या साधारण पंधरा दिवस आधी, आणि दोन्ही वेळा सलग १ तास ५८ मिनिटे बसा. मध्ये उठायचे नाही, फोन दुसऱ्या खोलीत. छापील पुस्तकावर घरी घड्याळ लावून केलेला सराव हाताला वळण लावतो, पण स्क्रीनवर वाचताना उताऱ्याखाली रेघ ओढता येत नाही, आणि ही अडचण पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी कळू नये.

तारीख ठरवताना उलटा हिशेब करा. परीक्षा संपल्यावर भाषा आणि गणिताचे अनधिकृत गुण तिथेच स्क्रीनवर दिसतात, अधिकृत निकाल साधारण ८ ते १० दिवसांत येतो. पुन्हा द्यायची झाली तर मध्ये किमान २१ दिवस जावे लागतात, आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा देता येते. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात आणि कोणत्या परीक्षेचे गुण पाठवायचे हे तुम्ही निवडू शकता, त्यामुळे पहिला प्रयत्न बिघडला तरी तो कपाळावर लिहिला जात नाही. तुमच्याकडे चार महिने आहेत, तर पहिली तारीख तिसऱ्या महिन्याच्या अखेरीची घ्या. त्याआधी एक काम मात्र या आठवड्यातच करा : ज्या विभागांना अर्ज करायचा त्यांची संकेतस्थळे पाहा. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, काहींनी ती पूर्णच बंद केली आहे, आणि एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम वेगळे असू शकतात. तुमच्या यादीतल्या एकाही विभागाला ती नको असेल, तर हे सगळे उत्तर तुम्हाला वाचायची गरज नव्हती.

नाव नोंदवताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे असा क्रम असतो, पासपोर्टवर रचना वेगळी असते, आणि नोंदणीतले नाव ओळखपत्राशी जुळले नाही तर आत घेत नाहीत, पैसेही जातात.

परीक्षा केंद्रावर देता येते, तशीच घरूनही. प्रश्न, वेळ आणि गुण दोन्हीकडे तेच. घरून देताना खोलीत तुमच्याशिवाय कोणी असता कामा नये, दार बंद आणि निरीक्षकाला कॅमेऱ्यातून दिसेल असे हवे, टेबल मोकळे हवे, आणि कच्च्या कामाला साधा कागद चालत नाही. पुसता येईल असा छोटा पांढरा फळा किंवा पारदर्शक आवरणात घातलेला कागद आणि पुसता येणारे पेन लागते. रावपुऱ्यातल्या एका एकत्र कुटुंबातल्या मुलाने घरूनच द्यायचे ठरवले. घरात सगळ्यांना बजावून झाले होते, दाराला चिठ्ठी लावली होती. गणिताच्या दुसऱ्या सेक्शनच्या मध्यावर, गावाहून त्याच सकाळी आलेल्या आणि चिठ्ठी चष्म्याशिवाय न दिसलेल्या काकू दार लोटून चहाचा कप घेऊन आत आल्या. परीक्षा तिथेच थांबवली गेली. २१ दिवसांनी त्याने ती केंद्रावर जाऊन दिली.